पोटात काही राहत नाही

डब्यावर तीन दावे छापले होते आणि तिन्ही अक्षरशः खरे निघाले, हीच तर सगळी पंचाईत झाली.

पहिला दावा: ‘पोटात काही साठून राहणार नाही.’ दुसरा: ‘आठ आठवड्यांत वजन कमी होईल.’ तिसरा, गुलाबी अक्षरांत: ‘स्त्रियांच्या तक्रारींवर खास परिणाम.’ खाली मुंगीएवढ्या टाइपात लिहिलं होतं की एकेका कॅप्सूलमध्ये पोटाला उपकारक असे पन्नास अब्ज जिवंत जीवाणू आहेत. पन्नास अब्ज! मोजले कुणी आणि कधी, हा काटाबाईचा पहिला प्रश्न.

काटाबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. ग्राहकांसाठी वस्तू तपासून अहवाल काढणाऱ्या एका संस्थेत ती सोळा वर्षं काम करत होती. मिक्सरपासून केसांच्या तेलापर्यंत काहीही समोर आलं की आधी काट्यावर ठेवायची, मग बोलायची. म्हणून काटाबाई. टोचते म्हणूनही असेल, पण तसं तिच्या तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती.

तपासणीसाठी बारा बायका हव्या होत्या. सहा जणींना खरी कॅप्सूल द्यायची, सहा जणींना आत नुसतं पीठ भरलेली. कुणाला कुठली ते बायकांनाही कळता कामा नये आणि काटाबाईलाही नाही. डब्यांवर फक्त नंबर. त्यांची यादी सीलबंद पाकिटात, पाकीट कपाटात. अकरा जणी मिळाल्या, बारावी काही मिळेना. शेवटी तिने आठ नंबरचा डबा आपल्या सख्ख्या बहिणीला दिला. नात्यातलं माणूस घ्यायचं नाही असा नियम तिनेच लिहिला होता. फॉर्मवर ‘नातं’ या रकान्यात तिने ‘ओळखीच्या’ असं लिहिलं आणि पेन घाईघाईने बंद केलं.

ताईला घेण्यामागे बारावी बाई मिळवणं हे एकच कारण नव्हतं. ताई घरी कपडे अल्टर करून द्यायची. भावोजी गेल्यापासून एकटीच राहायची. गेले सात महिने तिचा चेहरा पिवळा पडत चालला होता. शिवता शिवता मशीन थांबवायची, टेबलाची कड धरून डोळे मिटायची आणि विचारलं की म्हणायची, “काही नाही गं, गॅस आहे.” डॉक्टरचं नाव काढलं की विषय बदलायची. निदान या तपासणीच्या निमित्ताने दर आठवड्याला तिला प्रश्न तरी विचारता येतील, असा काटाबाईचा हिशेब होता. गॅसच्या भानगडीत काटाबाईचाही थोडा हात होता, पण ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं. पोटात ठेवलं होतं.

तिसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले.

चार नंबरच्या ग्रंथपाल बाईंनी सासूबाईंना सांगून टाकलं की अकरा वर्षं तुमच्या हातची भाजी मी रुमालात बांधून कचऱ्यात टाकते आहे. गाडी चालवायला शिकवणाऱ्या दोन नंबरने भर रस्त्यात शिकणाऱ्या गृहस्थांना सांगितलं की तुम्हाला या जन्मी गाडी येणार नाही, तुम्ही पोहणं शिका. सात नंबर ताईच्याच इमारतीत राहायची. तिने नणंदेच्या लग्नातली हरवलेली अंगठी कुणी हरवली होती ते नणंदेला स्वतः जाऊन सांगितलं. एका आठवड्यात पाच घरांत महाभारत!

आठवड्याचे फॉर्म आले. ‘पोटाबद्दल काय जाणवलं?’ या प्रश्नाखाली दीड ओळीची जागा होती. सात नंबरने लिहिलं होतं, “पोटात होतं नव्हतं ते सगळं बाहेर आलं. नणंद बोलत नाही. फार बरं वाटतंय.” ग्रंथपाल बाईंनी मागची बाजूही भरली होती आणि वर तीन कागद टाचले होते.

“याला काय म्हणायचं?” काटाबाईने कॅप्सूलच्या कंपनीच्या माणसाला विचारलं.

“गुण म्हणायचं!” तो खुर्चीतल्या खुर्चीत उड्या मारत होता. “पोटात काही राहणार नाही असंच लिहिलंय आम्ही. राहिलंय का काही?”

“अहो, ते पोट वेगळं!”

“माणसाला पोटं असतात तरी किती बाई?”

एखाद्याने आपल्याला गप्प करावं, ही गोष्ट काटाबाईला सहन होत नसे. त्या दिवशी तिने दुपारचा डबासुद्धा उघडला नाही.

वजनाचंही तेच. दर सोमवारी बाराच्या बारा जणी काट्यावर उभ्या राहायच्या आणि आठ नंबर सोडली तर काटा ढिम्म हलायचा नाही. एकीचं तर तीनशे ग्रॅम वाढलं. काटाबाई मनातून खूश झाली. म्हटलं, निदान हा दावा तरी खोटा ठरणार. तेवढ्यात मध्ये आले संस्थेचे साहेब.

साहेबांना पोट होतं. ते हळूच कपाटातल्या जादा डब्यातली कॅप्सूल रोज पाण्याबरोबर घ्यायला लागले. दोन दिवसांनी भरल्या बैठकीत ते उठले आणि म्हणाले, “मी आजवर तुमच्यापैकी कुणाचाही अहवाल वाचलेला नाही. पहिलं पान बघतो आणि सही ठोकतो. आणि केबिनचं दार लावून घेतो ना, तेव्हा मी झोपतो.” एवढं बोलून ते खाली बसले आणि घाम पुसायला लागले.

झालं! दुसऱ्या दिवशी ते आत आले तर एक माणूस उठून उभा राहिला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांचा चहा गार आला, चौथ्या दिवशी आलाच नाही. महिन्याभरात संस्थेत त्यांचं वजन इतकं कमी झालं की टेलिफोनवरची मुलगी त्यांना “अहो, थांबा जरा” म्हणायला लागली. काट्यावर मात्र ते चारशे ग्रॅमने वर गेले होते. कंपनीचा माणूस म्हणाला, “वजन कमी होईल असं लिहिलंय. किलोत असं कुठं लिहिलंय?”

तिसरा दावा तर विचारूच नका. फॉर्मवर ‘स्त्रियांच्या तक्रारी’ या मथळ्याखाली दोनच चौकोन होते: ‘आहेत’ आणि ‘नाहीत’. आजवरच्या सगळ्या तपासण्यांत बायका ‘नाहीत’वर खूण करून मोकळ्या व्हायच्या. या वेळी पाच जणींनी चौकोनांना भीक घातली नाही. पाळीत मरणाचं दुखतं आणि घरात सांगितलं की हसतात. बाळंतपणानंतर कंबर गेली ती गेलीच. रात्री घामाने उशी भिजते. नवरा घोरतो. डॉक्टर वर न बघता “वयाचा परिणाम” म्हणतो. दुसऱ्या महिन्यात शिपायाने फॉर्म हातात आणायचे सोडून ढकलगाडीवर आणले. तक्रारींवर खास परिणाम! कुणाची काय टाप होती नाही म्हणायची!

या सगळ्या गदारोळात आठ नंबरचा फॉर्म तेवढा कोरडा असायचा. पोट: ‘ठीक’. वजन: चार किलोंनी उतरलेलं. बारा जणींत खरोखर उतरलेलं वजन हे एकच. कंपनीच्या माणसाने त्याच्यावर लाल गोल काढला आणि टाळ्या वाजवल्या. काटाबाईने मात्र तो आकडा पुन्हा पुन्हा तपासला. तक्रारी: ‘नाहीत’. ताईच्या ठसठशीत अक्षरात.

ताईच्या डब्यात पीठ असणार, दुसरं काय. पण खात्री करायला हवी होती. सातव्या आठवड्यात, सगळे जेवायला गेले असताना, काटाबाईने सोळा वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं. कपाट उघडलं आणि पाकीट फोडलं. सीलची लाख टेबलभर सांडली.

आठ नंबर: खरी.

एकोणपन्नास दिवस खरी कॅप्सूल घेऊन ही बाई गप्प? एवढं काय आहे तिच्या पोटात, की पन्नास अब्जांनाही ते हलवता येऊ नये? काटाबाईने कपाटातली एक कॅप्सूल पर्समध्ये टाकली आणि तडक ताईचं घर गाठलं.

ताई कुणाच्या तरी पँटची शिलाई उसवत बसली होती. काटाबाईने पर्सही खाली ठेवली नाही.

“ताई, खरं सांग, गोळ्या घेतेस?”

“घेते की.”

“शपथ घे.”

ताईने पँट बाजूला ठेवली. “पहिले दोन दिवस विसरले. तिसऱ्या दिवशी घेणार, तेवढ्यात सात नंबरवाली वर आली आणि स्वतःहून तो अंगठीचा पाढा वाचायला लागली. तेव्हाच मला कळलं ही गोळी काय करते ते. मी रोज एक त्या कुंडीत टाकते.”

कुंडीतल्या झाडाने काही म्हणता काही आत ठेवलं नव्हतं. पानं दिसत नव्हती इतक्या कळ्या आल्या होत्या.

“म्हणजे सांगण्यासारखं काहीतरी आहे.”

“गॅस आहे.”

“चार किलो वजन गॅसने उतरतं?”

“तूच म्हणालीस ना,” ताई शांतपणे म्हणाली.

काटाबाईने पर्समधली कॅप्सूल काढली, ताईच्या तांब्यातलं पाणी घेतलं आणि गिळून टाकली.

“वेडी आहेस का? ती माझ्यासाठी आणली होतीस ना?”

“हो. तुला फसवून चहातून देणार होते.” पहिलं वाक्य आलं तेच असं. इतरांना दोन-दोन दिवस लागले होते, काटाबाईला दोन मिनिटंही लागली नाहीत. साठाच तेवढा होता. “सात महिन्यांपूर्वी तू फोन केलास. पोटात दुखतंय, रक्त जातंय, थांबत नाही, असं म्हणालीस. मी छत्र्यांचा अहवाल लिहीत होते. छत्र्यांचा, ताई! माझं लक्षच नव्हतं. ‘गॅस असेल’ म्हणाले आणि फोन ठेवला. रक्त हा शब्द मी ऐकला होता. ऐकला होता आणि तरी ठेवला. नंतर लाज वाटली म्हणून परत विचारलं नाही. तू गॅस गॅस म्हणायचीस तेव्हा मला कापल्यासारखं व्हायचं, आणि तरी मी फॉर्मवरचं तुझं ‘ठीक’ चालवून घेत होते.”

ताईने पँट परत मांडीवर ओढली.

“मला वाटलं, तुला यातलं कळतं,” ती म्हणाली. “एवढ्या गोष्टी तपासतेस. तू गॅस म्हणालीस, तर गॅस. नाहीतर उगाच बाऊ करणारी ठरले असते.” मग तिने खाली बघत सांगितलं की पाळी बंद होऊन पाच वर्षं झाली, तरी रोज रक्त जातं. आता तर जिना चढवत नाही.

काटाबाईने तिला उठवलं, चपला पायात घातल्या आणि टॅक्सीत बसवलं. वाटेत तिने टॅक्सीवाल्याला तो लांबून नेत असल्याचं सांगितलं, संस्थेत फोन करून साहेबांना सांगितलं की मी पाकीट फोडलंय, आठ नंबर माझी सख्खी बहीण आहे, अहवाल रद्द समजा, आणि दवाखान्यातल्या नोंदणीच्या बाईला सांगितलं की तुमची ही खुर्ची मोडकी आहे आणि मला फार भीती वाटते आहे.

ताई आत गेली ती तासाभराने बाहेर आली. हातात कागद होते. शेजारी बसली आणि पदर सारखा केला.

“पिशवीत गाठ आहे. तुकडा काढलाय, तपासायला पाठवणार. आठ दिवसांनी कळेल.” मग तिने काटाबाईचा हात धरला. लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसा, मनगटापाशी. “मी बरी होईन ना गं?”

होशील, असं म्हणायचं काटाबाईने ठरवलं होतं. तासभर तिने तो एकच शब्द तोंडात घोळवला होता. तिने तोंड उघडलं.

“मला माहीत नाही, ताई.”

आणि तिला रडू फुटलं, समोरच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली इतकं. ताईने तिला रडू दिलं. कागदांची घडी केली, परत उलगडली, परत केली.

“मलाही माहीत नाही,” ती म्हणाली. “आठ दिवस माझ्याकडे राहायला येशील? मला एकटीला त्या घरात बसवत नाही.”