निष्कर्ष कोणी काढला?

बाबा गेले त्याच्या आदल्या संध्याकाळी ती शब्दकोशाच्या कामाच्या चिठ्ठ्या टेबलावर पसरून बसली होती. ताडणे, अटकळ बांधणे, अनुमान काढणे. ठाऊक असलेल्यावरून ठाऊक नसलेलं ओळखण्याची सगळी क्रियापदं. लिफ्टदुरुस्तीच्या कामावरून आलेल्या बाबांनी चिठ्ठ्या खुशाल बाजूला सारल्या आणि कंपनीला द्यायचा अर्ज पुढे ठेवला.

"बघ गं, शुद्धलेखनात नाक कापलं जायला नको."

अर्ज दोन ओळींचा होता. माणसं दोन, सुरक्षेचा पट्टा एक. एक दिवस कोणीतरी पडणार.

"'पडणार' नको, बाबा. 'पडण्याची शक्यता आहे.' ते अनुमान आहे."

"दोन डोकी, एक छत्री. एक जण भिजणार, एवढं कळायला कोश उघडावा लागतो होय?"

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबाच पडले. सातव्या मजल्यावरून.

महिन्याभराने कंपनीच्या कचेरीत चौकशीच्या साहेबांनी अहवाल वाचून दाखवला. "मृताच्या कमरेला पट्टा नव्हता. यावरून त्यांचा निष्काळजीपणा होता, असा निष्कर्ष निघतो. सही करा, बाई."

आईने पेन उचललं. तिने आईचं मनगट धरलं.

"निष्कर्ष काय स्वतःच्या पायांनी चालत निघतो, साहेब? तो काढावा लागतो. कोणी काढला?"

"ताई, शब्दांचा कीस नका काढू."

"काढणार. तेच माझं पोटापाण्याचं काम आहे." ती बाबांच्या कामावरच्या जोडीदाराकडे वळली. ते कोपऱ्यात मान खाली घालून बसले होते. "काका, पट्टा कुणाच्या कमरेला होता?"

"माझ्या," ते कसंबसं म्हणाले. "मला सकाळपासून गरगरत होतं. त्यानंच बांधला. दुसरा नव्हताच, पोरी."

साहेबांनी चष्मा पुसला. "पट्टा कमी आहे, असं आम्हाला कधी कोणी कळवलं नाही. फायलीत तसा कागद नाही. म्हणजे तक्रार नव्हती, असंच..."

"निघतं?"

आई तिच्याकडे बघत होती. आता जे बोलायचं होतं, ते महिनाभर तिने आईलासुद्धा सांगितलं नव्हतं. आईच्या मनगटावरची पकड तिने सोडली आणि खुर्ची मागे सारून ती उभी राहिली.

"कागद होता. निवृत्तीला चार महिने राहिलेत, आता कशाला वाकड्यात शिरता, असं म्हणून मी तो देऊ दिला नाही. बाबांना कळत होतं. मी ऐकलं नाही. माझी चूक माझ्या नावावर लिहा, साहेब. आणि दुसरा पट्टा का नव्हता, ते तुमच्या नावावर."