मी मोसंबी नव्हते

मी एक जुनी, दुहेरी पाकळ्यांची जास्वंदी आहे. तुम्हाला मित्रांनो म्हणायची रीत आहे, म्हणून म्हणते. पण वयाने मी तुमच्या आज्यांच्याही आधीची आहे. तेव्हा सरळ बसा आणि मध्ये बोलू नका. मला राग आलेला आहे, आणि तो आजचा नाही.

निजामाचे राज्य होते तेव्हा औरंगपुऱ्यात काकासाहेब देशमुखांच्या ओसरीवर, निळ्या वेलबुट्टीच्या चिनीमातीच्या कुंडीत मी राहत असे. शेजारच्या नजमाबींनी दिलेली एक काडी, एवढाच माझा जन्म. ती काडी रुजवली सरूबाईने, त्या घरच्या मोलकरणीने. रोज सकाळी ती मातीत बोट खुपसून पाही. ओल लागली तर पाणी नाही. कोरडे लागले तर तळातून पाझरेपर्यंत. ऊन तापले की माझ्यापुढे ओले गोणपाट टांगी. पानांमागे कीड दिसली तर कडुनिंबाचा पाला उकळून ते पाणी गार करून शिंपडी. तिसऱ्या वर्षी मी भरभरून फुलले. पाहुण्यांनी कौतुक केले, ते काकासाहेबांचे.

काकासाहेबांची करमाडला मोसंबीची बाग होती आणि तिचा त्यांना मोठा अभिमान होता. मोसंबीला वैशाखात पाणी तोडतात, पाने गळू देतात आणि मृग लागला की पुन्हा पाणी सोडतात. मग झाड फुलांनी लगडते. याला ताण देणे म्हणतात. त्या वर्षी त्यांच्या मनाने घेतले की, भाद्रपदात गणपतीला एकाच झाडाची एकवीस फुले वाहायची. वैशाखात हुकूम सुटला : जास्वंदीला ताण द्या, महिनाभर थेंब नको.

"कुंडीतलं झाड हाय, मालक. मरंल," सरूबाई म्हणाली.

"बागाईत आता तू मला शिकवणार?"

तिने पाणी तोडले. आठवड्यात माझ्या कळ्या गळाल्या, पाने पिवळी पडली. बाराव्या दिवशी तिला पाहवले नाही. स्वतःच्या पिण्याचा तांब्या तिने माझ्या मुळाशी ओतला, आणि नेमके तेव्हाच काकासाहेब ओसरीवर आले. त्यांनी माझी वाळलेली फांदी मोडून पाहिली आणि निवाडा दिला : तुझ्या पाण्याने ताण मोडला, म्हणून झाड मेले. उद्यापासून येऊ नकोस, आणि हे लाकूड कुंडीसकट घेऊन जा.

शेजारी आपल्या उंबऱ्यात उभ्या असलेल्या नजमाबींनी सारे ऐकले होते. त्या म्हणाल्या, "काकासाहेब, तुमच्या मोसंबीला अख्खी जमीन आहे. या गरिबाला एक वीत माती. ताण कुणाला देता?"

 काकासाहेब पायातले जोडे काढून आत गेले.

बारा वर्षांची चाकरी एका तांब्यापायी गेली. ज्याने मला मारले तो मालक, आणि जिने वाचवले ती गुन्हेगार! मला तेव्हा वाचा असती, तर ती ओसरी दणाणली असती.

सरूबाईने मला मागच्या गल्लीतल्या आपल्या खोलीत नेले. हिरवे लाकूड लागेपर्यंत वाळके छाटले, सावलीत ठेवले, आधी घोट घोट पाणी दिले. एवढी भारी कुंडी मोलकरणीच्या घरी दिसली तर चोरीचा आळ येईल, म्हणून घासलेटच्या डब्याला खिळ्याने भोके पाडून त्यात मला हलवले. कुंडी धुऊन कोनाड्यात ठेवली. आषाढात मला पालवी फुटली. भाद्रपदात फुले आली, तेवीस.

बातमी गेली. चतुर्थीच्या सकाळी काकासाहेब स्वतः दारात उभे राहिले. त्यांना वाकून आत यावे लागले.

"सरूबाई, झाड आमचं आहे. तूही परत ये."

सरूबाईने आधी फुले खुडली. एकवीस मोजून परडीत घातली. मग कोनाड्यातली कुंडी काढून त्यांच्यापुढे ठेवली.

"देवाशी माझं भांडण नाय. फुलं न्या. कुंडी मला नको, ती बी न्या. लाकूड तुम्ही मला दिलं व्हतं."

एका हातात परडी, दुसऱ्यात रिकामी कुंडी घेऊन काकासाहेब गल्लीतून गेले. दुपारी नजमाबींकडून निरोप आला की, त्यांच्या घरी कामाला माणूस हवे आहे. सरूबाई गेली, पण आधी माझ्या मातीत बोट खुपसून.

तर मित्रांनो, झाड आणाल तेव्हा आधी त्याला विचारा, मग हुकूम सोडा. विचारायला बोट पुरते. आणि तुमच्या घरी ते बोट रोज मातीत घालणारे जे कोणी माणूस असेल, त्याचे नाव तुम्हाला ठाऊक आहे का? नसेल तर उठा. विचारून या. मी थांबते.