तापलेल्या तोफेचं ओझं

मित्रांनो, मी एक म्हातारं खेचर आहे. बाप गाढव, आई घोडी; त्यामुळे हट्टीपणाचा शिक्का जन्मापासूनच कपाळावर बसलेला. असू दे. त्या हट्टानेच एकदा अख्खं गाव वाचवलं.

फौजेत मला सांभाळायचे तात्या. ओझं चढवलं की ते माझ्या पाठीवरच्या गादीखाली हात घालून बघत, कुठे काही रुतत तर नाही ना. शिपाई थट्टा करत, "तात्या, लेकीचेही एवढे लाड केले नसतील." तात्या हसून सोडून देत.

मग शत्रू चालून आला. खालचं खोरं त्याच्या फौजेने भरून गेलं. आम्ही मूठभर, आणि तोफ एकच. आमच्या मागे गाव नदीचा पूल ओलांडत होतं; त्यात तात्यांची गरोदर लेकही होती. सगळे पलीकडे जाईपर्यंत खिंड धरायची होती. कप्तानाने ठरवलं, एका टेकडीवरून बार उडवायचा, मग तोफ दुसरीवर न्यायची आणि तिथून उडवायचा. शत्रूला वाटावं, तोफा पुष्कळ आहेत.

पहिल्या टेकडीवरून बार झाले, मग तोफ सुटी केली. चाकं माणसांनी उचलली. नळी माझ्या वाट्याला आली.

"साहेब, नळी तापलीय. जरा निवू द्या," तात्या म्हणाले.

"निवेपर्यंत ते वर येतील," कप्तान म्हणाला. "तोफ एकच आहे हे त्यांना कळलं, की संपलंच सगळं."

तात्यांनी माझ्या वाटणीचं पाणी पोत्यावर ओतलं आणि ते गादीखाली घातलं. नळी चढल्यावर सवयीने हात आत सरकवला, तो चटकन मागे घेतला. "आजचा दिवस सोस रे बाळा," ते म्हणाले. त्यांना माझ्याकडे बघवेना.

वाट अरुंद, बाजूला खोल दरी. मी उधळलो असतो, तर तोफ गेलीच असती. पाठ भाजत होती, जीव नुसता पळ पळ म्हणत होता. मी हट्टाने एकेक पाय टाकत राहिलो. दुसऱ्या टेकडीवरून बार निघाला आणि चढून येणारी रांग जागीच थांबली. आम्ही लगेच पुन्हा पहिल्या टेकडीकडे वळलो. सांज होईपर्यंत हेच चाललं. गाव पलीकडे पोचलं, मग आम्हीही गेलो आणि पूल पाडला.

तोफ आता चौकात आहे. तिला दरवर्षी रंग देतात. मी वीटभट्टीवर आहे. भाजल्या जागी केस पुन्हा आलेच नाहीत, आणि विटेची कड नेमकी तिथेच टोचते. इथला माणूस कधी बघत नाही.

मित्रांनो, ओझ्याला माझी ना नाही. कधीकधी ते लादावंच लागतं, हेही मला कळतं. तात्यांनीसुद्धा हात भाजून घेतला आणि तरी लादलंच; त्यांच्यावर माझा राग नाही. तुम्हीही लादा, पण आधी हात घालून बघत जा.