माघारी उडालेला मोर

मित्रांनो, सोलापूरच्या एका तंत्रशिक्षण संस्थेतील कपाटात, अगदी वरच्या फळीवर, कातडी पेटीत पडून असलेला जुना चित्रपट-कॅमेरा तो मीच. किल्ली दिली की माझ्या पोटातील कमान उलगडते आणि फिल्म पुढे सरकते. माझ्या अंगाला एक लहान खटकाही आहे. तो दाबल्यास एका वेळी एकच चित्र टिपले जाते. एका गिरणीतील समारंभ टिपण्यात माझी पहिली वर्षे गेली. तेथे त्या खटक्याला कोणी बोटही लावले नाही. पुढे गिरणीने मला या संस्थेला देऊन टाकले.

१९७४ साली वस्त्रविद्येच्या विद्यार्थ्यांनी वार्षिक प्रदर्शनासाठी चित्रांचा चित्रपट करायचे ठरवले. चादरीवरील मोर चादरीतून सुटतो, खिडकीतून बाहेर उडतो आणि एका आडावर पाणी प्यायला जातो, अशी गोष्ट होती. प्रत्येक कागदावर मोर किंचित पुढे सरकलेला काढायचा आणि एकेक कागद माझ्यासमोर ठेवून टिपायचा, अशी पद्धत. दिग्दर्शनाची जबाबदारी रुद्राणी नावाच्या विद्यार्थिनीने घेतली. तिने यापूर्वी कशाचेच दिग्दर्शन केले नव्हते.

फिल्म देताना प्राचार्य म्हणाले, "हे एकच रीळ. वाया गेलं तर प्रकल्प बंद. आणि हा डबाही भंगारात."

तो डबा मीच होतो. त्या क्षणापासून रुद्राणीची भीती आणि माझी भीती एक झाली.

मला लोखंडी मांडणीवर, तोंड खाली करून, घट्ट बसवण्यात आले. खिडक्यांना चादरी लावून खोली अंधारी केली. दुधनीचा चनबसप्पा कागद ठेवणार, विणकर घरातील नागम्मा दिव्यांकडे लक्ष देणार आणि रुद्राणी मोजत मोजत खटका दाबणार, अशी वाटणी झाली. रुद्राणीची बोटे मला थंडगार लागत होती.

"डायरेक्टरबाई, हात थरथरायलाय की तुमचा!" चनबसप्पा हसला. "मोराला हिवताप आला म्हणतील लोक."

त्या हसण्यात रुद्राणीची मोजणी चुकली. ती कडाडली, "आता काम संपेपर्यंत कुणी एक शब्द बोलायचा न्हाय!"

खोली गप्प झाली. नुसता माझा खटका वाजत राहिला. मोर चादरीतून मान काढत होता, पंख उचलत होता, खिडकीजवळ पोहोचत होता. रुद्राणीचे डोळे मात्र खटक्यावर आणि आकड्यांवर खिळले होते. चित्राकडे पाहण्याचे धाडस तिला होत नव्हते.

आणि मग माझ्यासमोर एक कागद आला, जो मी आधीच पाहिला होता. त्यानंतर त्याच्या आधीचा. मग त्याच्याही आधीचा. मोर शेपटीकडून माघारी चालला होता! मी काय करणार? प्रत्येक खटक्यासरशी रीळ संपत होते आणि मला तोंड नव्हते. चनबसप्पाचा हात क्षणभर हवेत अडखळला. त्याने रुद्राणीकडे पाहिले, ओठ मिटले आणि पुढचा कागद ठेवला.

शेवटी नागम्माला राहवले नाही. "अगं, मोर माघारी का जायलाय?"

"गप म्हणले न्हाय का!" रुद्राणी ओरडली. मग तिने खाली पाहिले. तिने माझ्या खटक्यावरचे बोट काढून घेतले.

"माघारीच लावायचं की," चनबसप्पा घाबरून म्हणाला. "चादरीच्या नक्षीत आपण अर्धीच काढतो. मागावर भोकांची कार्डं आधी पुढं, मग उलटी चालवली की उरलेली अर्धी आपोआप येती."

"अरे, ती नक्षी! ह्यो उडायलाय!" नागम्माने कपाळाला हात लावला.

"मधीच शंका आली होती मला. पण बोलायचं न्हाय म्हणाली की ही."

दारात त्यांचे शिक्षक रामहरी सर उभे होते. ते शांतपणे म्हणाले, "रुद्राणी, थांबायचं की पुढं जायचं, ते तूच ठरवायचंस."

टिपलेली फिल्म पुसता येत नाही. रुद्राणी फरशीवरच बसली. "सर, मला सकाळपासून लई भीती वाटायलीय," ती म्हणाली. "म्हणून सगळ्यांना गप केलं. आता मला काय सुचंना. तुमी बोला रे."

नागम्मा हळूच म्हणाली, "वाऱ्यानं ढकलला असं दाखवलं तर? माघारीच्या उरलेल्या कागदांवर धूळ काढू. आपल्याकडं उन्हाळ्यात सुटती तसली."

"मग मोर पुन्हा उडंल," चनबसप्पा म्हणाला. "खिडकीभायेरची चित्रं अजून काढायचीत, ती सगळ्यांनी मिळून काढू. रीळ पुरायचं न्हाय, आडावरचं पाणी ऱ्हाईल मात्र."

"ऱ्हाऊ दे," रुद्राणी म्हणाली आणि उठली. "पण आता प्रत्येक कागदाला मोठ्यानं सांगायचं, मोर कुटं चाललाय ते."

उरलेले काम मोठ्या गलबल्यात पार पडले. रीळ धुण्यासाठी मुंबईला गेले, तेव्हा मी पुन्हा कपाटात गेलो. तेथील अंधारात माझ्या मनात भंगाराशिवाय दुसरा विचार नव्हता.

प्रदर्शनाच्या दिवशी रुद्राणी मला मांडीवर घेऊन, डोळे मिटून बसली होती. पडद्यावर मोर माघारी सरकू लागला, धूळ उठली आणि तो मागे रेटला गेला. पुढच्या रांगेतील काशम्मा नावाच्या वृद्ध बाई ओरडल्या, "अगं बया, पडतंय की ते! धरा कुणीतरी!" मोराने पुन्हा पंख उचलले आणि तो खिडकीबाहेर झेपावला.

"डोळे उघड की, डायरेक्टरबाई," चनबसप्पा कुजबुजला. "गेला आपला मोर."

त्यानंतर काही वर्षे मी कामात राहिलो. आता माझ्या काचेवर बुरशीचे जाळे धरले आहे, कमान ढिली पडली आहे, आणि कपाट उघडले की मला अजून धडकी भरते. मित्रांनो, हाताखालच्या यंत्राला कोरड्या जागी ठेवा, वेळच्या वेळी पुसा. आणि काम चालू असताना कोणाला चूक दिसली, तर त्याला ती सांगण्याचे भय वाटू देऊ नका. त्या अंधाऱ्या खोलीत ती चूक सर्वांत आधी मला दिसली होती, आणि मला बोलता येत नव्हते.