खंडेनवमीनंतरचे आकडे

नखाएवढ्या काचेच्या कडेला तो पिवळा ठिपका होता... मोहरीच्याही निम्मा. पवित्राने चिमट्यात धरलेली काच खिडकीकडे फिरवली तेव्हा तो नाहीसा झाल्यासारखा वाटला, मग पुन्हा दिसला—म्हणजे डोळ्यांचा दोष नव्हे. हळद. महिन्यापूर्वी खंडेनवमीला प्रयोगशाळेतल्या सगळ्या यंत्रांना हळदकुंकू लागलं होतं. आरतीचं तबक तिनेच धरलं होतं.

"जोतीराममामा, पूजेच्या दिवशी माझी काचांची डबी उघडली होती का?"

शिपाई जोतीराममामांनी बादली दारात ठेवली. "उघडली म्हंजे? बाकीच्या यंत्रास्नी नुसतं वरनं लावलं, तुमच्या डबीत आत बोट घालून लावलं की! म्हटलं, पोरगी चार वर्सं राबतीया, तिलाबी गुण येऊ दे." मग तिचा चेहरा पाहून, "का वो म्याडम, चुकलं काय?"

"नाही मामा."

काचेवर पांढऱ्या भुकटीचा पातळ थर, त्यावर जंतूच्या जनुकाचा एकेरी धागा चिकटवलेला. नमुन्याच्या थेंबात त्याचा जोडीदार धागा असेल तर दोघांची वीण जमते, विणीत रंगाचा कण जाऊन बसतो, आणि वर दिवा लावला की तो कण उजेड झेलून वीज पुढे ढकलतो. जोडीदार नसेल तर रंग धुऊन जातो, वीज नाही. विज्ञानदिनी सातवीच्या मुलांना तिने असंच सांगितलं होतं, आणि दोन वेण्यांची एक मुलगी म्हणाली होती, "पण ताई, तिथं दुसराच रंग येऊन बसला तर?" पोरं हसली होती. पवित्राही हसली होती...

हळदही उजेड झेलते, जोडीदार धागा नसतानाही वीज ढकलू शकते. साध्या पाण्याच्या चाचण्या तिने नवरात्रापूर्वी केल्या होत्या, जुन्या काचांवर. या डबीवर पुन्हा करायला हव्या होत्या, हे काय तिला ठाऊक नव्हतं? पण आकडे इतके देखणे येत होते—इतक्या थोड्या जनुकाला इतकी वीज!—की उद्या करू, उद्या करू करत दिवाळी गेली. तिचे मार्गदर्शक मगदूम सर यांनी सगळ्या विभागाला पेढे वाटले. शोधनिबंध आज पाच वाजता जायचा होता.

पुसून टाकावा ठिपका. कोण बघतंय?

दोन वर्षांपूर्वी, शिरोळचा पूर ओसरल्यावर, प्रभुलिंगकाका आठवडाभर चिखल उपसत होते. मग ताप, मग डोळे पिवळे. पाण्यातल्या जंतूचा रोग, असा रिपोर्ट आला तेव्हा काकांना जाऊन चार दिवस झाले होते. आईने तो कागद उलटसुलट करून विचारलं होतं, "आता हे घेऊन काय करायचं गं?" त्याच जंतूचा धागा तिने या काचांवर लावला होता. लवकर कळावं म्हणून. पण तो कागद उशिरा आला तरी खरा होता... आणि या काचांवरून निघणारा कागद? तासाभरात येईल, आणि ज्याच्या अंगात जंतूच नाही त्याला आहे म्हणून सांगेल.

दारातून सरांचा आवाज आला. "पवित्रा, झालं की नाही गं? पाठवून टाकू."

"सर, एक कोरी चाचणी करते. या डबीवर राहिलीय."

"आत्ता? आणि आजवर काय दिवे लावलेस?" पण पावलं थांबली नाहीत. "कर आणि ये लवकर."

त्याच डबीतली न वापरलेली काच तिने काढली. नमुन्याऐवजी साधं पाणी घातलं, मग रंग, मग तीनदा धुणं. हात सवयीने चालत होते आणि मन एकच घोकत होतं—शून्य येऊ दे, शून्य येऊ दे, मी कुणालाच काही सांगणार नाही... कुणालाच म्हणजे कुणाला? मामांचं नाव तर ती घेणारच नव्हती; डबी कुलपात न ठेवता टेबलावर टाकणारी तीच होती.

काळं फडकं ओढून तिने दिवा लावला. पडद्यावरची रेघ सरकू लागली, अजून सपाट. झडप उघडून उजेड काचेवर सोडायला दहा सेकंद होते. घोकणं कधी थांबलं ते तिला कळलं नाही. ती पेन्सिल घेऊन पुढे झुकली. रेघ उठली तर किती उठते, एवढंच तिला आता बघायचं होतं.