बावन्न जणांचा फोटो

तंजावूरच्या कॅमेऱ्यांच्या दुकानात विक्रेत्या लावण्याने अंबुजाबाईंपुढे आधी गुलाबी कॅमेरा ठेवला. "अम्मा, बटण दाबलं की फोटो हातात. बाकी सगळं हा आपोआप करतो."

"मग मी काय करायचं?" अंबुजाबाई फटकन म्हणाल्या. तीस वर्षं कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलेल्या बाईंना, प्रकाश किती घ्यायचा हे प्लास्टिकच्या डबीने ठरवावं, हे मानवेना. शिवाय फ्लॅश नकोच होता. फोटो समयांच्या उजेडात काढायचा होता.

लावण्याने काळा, जड कॅमेरा काढला. "यातूनही फोटो लगेच निघतो, पण सगळं हाताने लावता येतं. पण एवढ्याशा उजेडात दोन सेकंद कुणी हलता कामा नये. माणसं किती?"

"बावन्न."

"अय्यो! मग कुणीतरी हलणारच."

"आमच्याकडचं कुणी हलत नाही," म्हणत त्यांनी तोच घेतला.

संध्याकाळी त्यांनी नवरात्राच्या कोलूपुढे समया लावल्या. कोलूच्या नऊ पायऱ्यांवर आजीच्या काळापासूनच्या बावन्न बाहुल्या मांडल्या होत्या. चौथा दिवस होता, आणि हळदीकुंकवाला अजून कुणी आलं नव्हतं. स्टुलावर कॅमेरा ठेवून त्यांनी टायमर लावला आणि खालच्या पायरीशी श्वास रोखून बसल्या. तेवढ्यात फाटक वाजलं.

वारा होता.

फोटो हळूहळू उमटला. बावन्नही जण स्वच्छ आले होते. फाटकाकडे वळलेला एकच चेहरा पुसट होता.