बुधवारची फटफटी

मी एक जुनी फटफटी आहे. लोणावळ्यात डॉक्टर माधवरावांच्या पडवीत, फाटक्या गोणपाटाखाली तीन वर्षं उभी आहे. मित्रांनो, उभं राहणं माझ्या स्वभावातच नाही. सडकेवरून एखादी मोटार गेली, की अजूनही माझा जीव वर-खाली होतो.

माझा जन्म विलायतेतला. रेल्वेच्या एका गोऱ्या इंजिनियरनं मला इथे आणलं. त्याची छोटी मुलगी मला 'पट-पट' म्हणायची. मला विकत घेताना माधवरावांनी साहेबाला त्या शब्दाचा अर्थ विचारला. साहेब म्हणाला, "अर्थ कसला? आमच्याकडे इंजिनाच्या छोट्या होड्या आल्या, त्यांचा आवाज लोक तोंडानं काढू लागले, तोच शब्द झाला." पुढे मी जवळच्या वलवण गावाला गेले, तर तिथल्या बायकांनी मला पाहण्याआधीच, नुसत्या आवाजावरून माझं बारसं उरकलं होतं. फटफटी! त्यांना इंग्रजी येत नव्हतं, साहेबाच्या मुलीला मराठी येत नव्हतं. दोन्हीकडची नावं माझ्याच गळ्यातून निघाली, याचा मला भारी गर्व होता.

दर बुधवारी डॉक्टर वलवणच्या पलीकडच्या वाड्यांना फेरी मारत. भातखाचरांच्या बांधावरून मला जाता येत नसे, म्हणून एक रीत पडली होती. माझी फटफट ऐकली की लोक आजाऱ्याला सडकेवर आणत. कुणी दिसलं की डॉक्टर थांबत, नसलं तर सगळं ठीक आहे असं समजून पुढे जात.

लोणावळ्यातल्या बंगलेवाल्यांना मात्र माझा आवाज खपेना. दुपारची झोप मोडते म्हणे! डॉक्टर पडले भिडस्त. त्यांनी मिस्त्रीकडून मला नवा, जाडजूड सायलेन्सर बसवून घेतला. बंगलेवाल्यांनी कौतुक केलं, पण मला तोंडात बोळा कोंबल्यासारखं झालं.

त्या बुधवारी भातलावणी चालू होती. सडकेवर चिटपाखरूही नव्हतं. "आज सगळे ठणठणीत दिसतात," असं म्हणत डॉक्टर लवकर घरी परतले. मला राहून राहून काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं.

शुक्रवारी एका वाडीतल्या धोंडाबाई सहा वर्षांच्या नातीला, झुंबरला, पाठीवर घेऊन तीन कोस चालत दवाखान्यात आल्या. पोर तापानं फणफणली होती.

"मावशी, बुधवारी हिला सडकेवर का नाही आणलंत?" डॉक्टरांनी विचारलं.

"तुमी आलाच न्हाई, डाक्टर. चिखलात वाकून दिसभर कान देऊन हुते मी. फटफटी कुटं वाजली?"

डॉक्टरांनी दाराबाहेर माझ्या नव्या सायलेन्सरकडे पाहिलं आणि झुंबरला आत नेलं. पुढचे दहा दिवस ते झुंबरच्या उशाशीच होते. ती वाचली, पण तापानं तिचे कान नेले. दोन दिवस आधी औषध मिळतं, तर कदाचित हे टळलं असतं, असं डॉक्टर स्वतःच धोंडाबाईंना म्हणाले. मग घरी येऊन त्यांनी आपल्या हातांनी तो सायलेन्सर काढून टाकला. मी पुन्हा ओरडू लागले, पण जिनं ऐकायला हवं होतं तिला ते ऐकू येत नव्हतं.

तरीही दर बुधवारी झुंबर सडकेवर उभी असे. डॉक्टर मला मुद्दाम चालू ठेवत. ती दोन्ही तळवे माझ्या थरथरत्या टाकीवर टेकवी आणि ओठ हलवी, "फट... फट..."

"ही बोलायचं इसरत चालली," धोंडाबाई म्हणाल्या, "पर तुमच्या गाडीचं नाव न्हाई इसरली."

पुढे लढाई आली, पेट्रोल कुपनावर, तेही मोजकंच मिळू लागलं. थकलेले डॉक्टर टांग्यानं फिरू लागले आणि मी गोणपाटाखाली गेले. झुंबर आता मोठी झाली आहे. बाजाराच्या दिवशी ती न चुकता येते, गोणपाट बाजूला सारते, थंड टाकीवर तळवे ठेवते आणि वाट पाहते. मग गोणपाट नीट करून निघून जाते. ती गेल्यावर मला माझाच राग येतो.

मित्रांनो, कुणाचाही आवाज बंद करण्याआधी, तो कोणाच्या कामी येतो एवढं विचारत जा. आणि माझ्यासाठी काही करायचंच असेल, तर मला रंग देऊ नका, पुसूही नका. बाटलीभर पेट्रोल घेऊन बाजाराच्या दिवशी या. झुंबरचे हात टाकीवर असतील, तेव्हा किक मारा.